सेवेस जाण्यापूर्वी

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने आफ्रिकेत जाऊन स्वयंसेवक म्हणून काम करावयाचे, असे भिलाईतल्या एखाद्या मराठी घरातील मुलाने किंवा मुलीने जाहीर केले, म्हणजे त्या घरात दोन प्रकारची धांदल उडते. पहिली सामानाची. मच्छरदाणी, हिवतापाच्या गोळ्या, पारपत्र, आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावयाची पीतज्वराची लस. दुसरी धांदल मतांची. आई काळजी करते, वडील खर्चाचा हिशेब मांडतात, आणि शेजारचे काका चहाचा कप खाली ठेवीत विचारतात, "सेवाच करावयाची, तर बस्तर काय वाईट आहे?"

पहिल्या धांदलीविषयी फारसे लिहिण्याचे कारण नाही. ती तयारी कशी करावी हे ठरलेले आहे आणि ती न करणारास शासनच अडविते. पीतज्वराच्या प्रदेशातून लसीच्या दाखल्याविना परतणाऱ्याला आपला देश काही दिवस वेगळे ठेवतो. ही सावधगिरी योग्यच आहे. परंतु मनातून जे नेले जाते, अहंता, दया, कौतुकाची भूक, त्याची तपासणी कोणत्याच विमानतळावर होत नाही. ती ज्याची त्याने करावयाची असते. या लेखाचा विषय ती दुसरी तयारी हा आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र या तिहींचा विचार केला आहे. सेवा हे श्रमाचे व वेळेचे दानच होय. तेव्हा हीच तीन मापे तिलाही लावून पाहावीत.

प्रथम देश. शेजारच्या काकांचा प्रश्न 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' या जातीचा आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. छत्तीसगडच्या भूमीवर त्याला भक्कम आधार मिळतात. स्वतः कुष्ठरोगाने पीडित असलेल्या सदाशिव गोविंदराव कात्रे यांनी १९६२ साली चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. अमरावती जिल्ह्यातील पथरोटचे दामोदर गणेश बापट १९७२ च्या सुमारास तेथे आले आणि २०१९ साली देह ठेवीपर्यंत तेथेच राहिले. आपल्या भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहरा येथे खाणकामगारांनी स्वतःच्या पैशाने आणि श्रमाने शहीद रुग्णालय उभारले. ३ जून १९८३ रोजी ते सुरू झाले, आणि त्यासाठी बंगालमधून आलेले तरुण डॉक्टर त्या धुळीत राहिले. इतके सारे इतक्या जवळ असताना समुद्र का ओलांडावा?

परंतु या प्रश्नातच त्याचे उत्तरही दडलेले आहे. बापटांना पथरोटजवळ दुःख दिसले नसते काय? बंगाली डॉक्टरांना बंगालमध्ये रोगी मिळाले नसते काय? प्रत्येकाने आपलाच कळसा काखेत धरून बसावयाचे ठरविले असते, तर चांप्याला कात्र्यांचा वारस मिळाला नसता आणि राजहऱ्याला डॉक्टर मिळाले नसते. शिवाय बस्तरचे नाव घेणाऱ्यांपैकी बस्तरला किती जण जातात, हेही पाहण्यासारखे आहे. जवळच्या दुःखाची सबब पुष्कळदा दूरचे दुःख टाळण्यासाठी पुढे केली जाते, आणि जवळचेही त्यात सुटून जाते. तात्पर्य, सेवेचे अंतर मैलांत मोजता येत नाही. मात्र एक कसोटी शिल्लक राहते. ज्याने आपल्याच गल्लीतील सफाई कामगाराशी कधी दोन शब्द बोलण्याची तसदी घेतली नाही, त्याला आफ्रिकेतील खेड्यात अकस्मात माणूस दिसू लागेल, हे संभवत नाही. तेथे त्याला देखावा दिसेल. दूर जाण्यास हरकत नाही. जवळचे पाहून झाल्यावर जावे.

दुसरे माप कालाचे. आपण 'उन्हाळ्याची सुट्टी' म्हणतो तेव्हा तो उन्हाळा आपला असतो, त्यांचा नव्हे. आपल्याकडे वैशाखवणवा पेटलेला असताना केनिया-टांझानियाच्या बऱ्याच भागांत मोठ्या पावसाचे दिवस असतात आणि माणसे शेतात गुंतलेली असतात. झांबिया-झिंबाब्वेत कापणी होऊन थंडी सुरू होते. ज्या घराला पेरणीच्या दिवसांत पाहुण्याचे अन्नपाणी पाहावे लागते, त्या घरावर सेवेचा भार पडतो. आपल्याला सवड केव्हा आहे एवढेच विचारून निघालेला माणूस सेवेचा आरंभच स्वतःपासून करतो.

आणि दोन महिने म्हणजे किती? याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. १९१७ च्या अखेरीस गांधीजींनी चंपारणात खेड्यांतून शाळा उघडल्या, तेव्हा बाहेरून स्वयंसेवक मागविले. त्यांत मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन या मराठी स्त्रिया होत्या. त्यांना तिकडची बोली येत नव्हती. व्याकरण शिकवावयाचे नसून स्वच्छता आणि चांगले वळण शिकवावयाचे आहे, असे सांगून गांधीजींनी त्यांची शंका दूर केली. धान्य वगैरे गावकऱ्यांनी द्यावे, अशी योजना होती. म्हणजे घेणारेही काही देत होते. काम चांगले चालले. तरी गांधीजी आत्मकथेत प्रांजळपणे लिहितात, की मंडळी ठराविक मुदतीसाठी आलेली होती, बाहेरून आणखी मिळेनात, बिहारमधून कायमचे कार्यकर्ते उभे राहिले नाहीत आणि त्या कामाला स्थैर्य येऊ शकले नाही. जेथे अवंतिकाबाईंसारख्यांच्या कार्याची ही गत झाली, तेथे सुट्टीपुरत्या पाहुण्याने आपल्याकडून काय होईल याचा अंदाज नम्रपणे बांधावा.

त्याच चंपारणातील एक प्रसंग प्रत्येक स्वयंसेवकाने मच्छरदाणीच्याही आधी सामानात घालावा असा आहे. भितिहरव्याजवळच्या एका खेड्यातील काही स्त्रियांचे कपडे फार मळलेले दिसले. त्या ते धूत का नाहीत, हे विचारण्यास गांधीजींनी कस्तुरबांना सांगितले. त्यांपैकी एका बाईने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेले आणि आत दाखविले, की येथे ना पेटी आहे, ना कपाट. अंगावरचे हे एकच लुगडे; ते धुवावयाचे तर नेसावयाचे काय? स्वच्छतेचा पाठ देण्यास गेलेल्यांनाच तेथे पाठ मिळाला. तो मिळाला याचे कारण, प्रश्न विचारला गेला आणि उत्तर ऐकण्यासाठी कोणीतरी झोपडीच्या आत गेले. बाहेरूनच उपदेश करून परतणाऱ्याला मळके कपडे दिसले असते. एकच लुगडे दिसले नसते.

उलट उदाहरणही आहे. १९६१ साली अमेरिकेने 'पीस कोअर' स्थापन करून तरुणांना आफ्रिकेत धाडण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नायजेरियातील इबादान येथे एका स्वयंसेविकेने मायदेशी लिहिलेले एक पोस्टकार्ड तेथील विद्यार्थ्यांच्या हाती पडले. त्यात तिने भोवतालच्या राहणीचे मागासलेले म्हणून वर्णन केले होते. विद्यापीठात संतापाची लाट उसळली. त्या मुलीच्या मनात दुष्टावा नव्हता; परंतु जे आपण त्यांच्यासमोर बोलणार नाही ते त्यांच्याविषयी लिहिणे, हा त्या अन्नाचा अपमान आहे जे आपण त्यांच्या घरी खातो. आज पोस्टकार्डे राहिली नाहीत, छायाचित्रे आहेत, आणि ती क्षणात जगभर जातात. परक्या लेकरांच्या उघड्या अंगाचे चित्र आपल्या पुण्याईचा पुरावा म्हणून मिरविताना आपण आपल्या धाकट्या भावाचे तसे चित्र मिरविले असते काय, एवढे विचारले तरी पुरे.

तिसरे माप पात्रतेचे. दान घेणारा पात्र आहे की नाही याचीच चिकित्सा आपण परंपरेने करीत आलो. सेवेच्या बाबतीत मात्र चिकित्सा देणाऱ्याची व्हावयास हवी. गांधीजींनी १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धाच्या वेळी जखमींची वाहतूक करणारे भारतीयांचे पथक उभारले, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्याआधी ते पारशी रुस्तमजींच्या देणगीवर चाललेल्या एका लहानशा रुग्णालयात डॉ. बूथ यांच्या हाताखाली रोज तास-दोन तास शुश्रूषा शिकत होते आणि गिरमिटिया मजुरांची दुखणी ऐकत होते, ही गोष्ट तितकी सांगितली जात नाही. आल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०५ साली आफ्रिकेला जाण्याचा निश्चय केला. वैद्यक शिकून ते गॅबनमधील लांबारेने येथे पोहोचले १९१३ साली. बाबा आमटे यांनी कुष्ठसेवा आरंभिताना कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले. भावना तिघांजवळही उत्कट होती. तिला त्यांनी हातांचे शिक्षण दिले. ज्याने कधी थापी धरली नाही, त्याने परदेशी जाऊन शाळेची भिंत बांधू लागावे, आणि त्या गावचा गवंडी बेकार बसून ते पाहत राहावा, याला सेवा म्हणणे कठीण आहे.

तथापि कौशल्यही पुरे पडत नाही. श्वाइट्झर यांचे वैद्यक उत्तम होते; परंतु आफ्रिकन माणूस त्यांना धाकटा भाऊ वाटे, आणि थोरलेपणाची ती दृष्टी पुढे चिनुआ अचेबे यांच्यासारख्या आफ्रिकन लेखकांना बोचली. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ साली हेमलकशाला गेले, ते रोग्यांची भाषा शिकले. माडिया शिकणारा डॉक्टर रोग्यापुढे काही काळ विद्यार्थी होतो, शब्द चुकतो, त्याला हसू दिले जाते. थोरलेपण उतरविण्याचा याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही.

भिलाईकरांना या विषयात बोलण्याचा विशेष अधिकार आहे, कारण आपले गाव स्वतः परकीय साहाय्यावर उभे राहिले. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. ते साहाय्य भीक नव्हते. व्याजासह फेडावयाचे कर्ज होते आणि म्हणून घेणाऱ्याची मान ताठ राहिली. आपले अभियंते तिकडे शिकले, तिकडचे तज्ज्ञ येथे खांद्याला खांदा लावून राबले, आणि पुढे ते निघून गेले तरी भट्टी विझली नाही. त्याच देशाने पुढे नायजेरियात अजाओकुटा येथे पोलादाचा कारखाना उभारण्यास घेतला; १९७९ साली करार झाला, पण अनेक दशके उलटूनही तेथील झोतभट्टी पेटली नाही. त्याची राजकीय आणि आर्थिक कारणे अनेक आहेत. आपल्यापुरता धडा इतकाच, की साहाय्याचे यश देणारा आला यावरून ठरत नाही. तो गेल्यावर काय चालू राहिले, यावरून ठरते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. इतकी मापे लावू लागल्यास कोणीच घराबाहेर पडणार नाही. तयारी करता करता तारुण्य ओसरते, आणि अपात्रतेची जाणीव ही आळसाची सोयीस्कर ढाल होऊन बसते. इव्हान इलिच यांनी १९६८ साली, उन्हाळ्यात सेवेस निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले होते, की पाहावयास या, शिकावयास या, पण मदत करावयास येऊ नका. बोल कठोर होते. परंतु त्यांत जाण्याची मनाई नव्हती, केवळ जाण्याचे नाव बदलण्याची मागणी होती. आपल्याकडे बाबा आमटे यांनी सोमनाथला तरुणांसाठी उन्हाळ्यात जी छावणी भरविली, तिला त्यांनी 'श्रमसंस्कार छावणी' म्हटले. त्या नावातला प्रामाणिकपणा पाहण्यासारखा आहे. संस्कार कोणावर व्हावयाचा? मातीवर नव्हे, कुदळ धरणाऱ्यावर.

तेव्हा ज्या मुलाला वा मुलीला जावयाचे आहे, त्यांनी अवश्य जावे. मात्र 'मी सेवा करावयास चाललो' असे म्हणण्याऐवजी 'मी शिकावयास चाललो, आणि राहीन तोवर सांगतील ते काम करीन' असे म्हणून जावे. निघण्यापूर्वी तिकडच्या भाषेतील निदान शंभर शब्द पाठ करावेत, आणि त्यांत 'मला कळले नाही' हे वाक्य असू द्यावे. आपल्याला कोणी बोलाविले आहे काय, हे विचारून घ्यावे. आणि परतल्यावर, दोन महिन्यांत जे शिकलो त्याचे ऋण कोठे फेडावयाचे याचा निर्णय करावा. राजहरा तेव्हाही जवळच असेल, आणि चहाचा कप घेऊन बसलेल्या काकांना बरोबर चलण्याचे आमंत्रण देण्याचा अधिकार तोवर आलेला असेल.