विनाकारण?

बाळंतिणीची उदासी ओळखायला ब्रिटनमध्ये १९८७ साली दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली निघाली. पुढे गरोदर बायकांनाही ती विचारू लागले. गोव्यात ती कोकणीतूनही वापरली गेली. त्यातला एक प्रश्न असा की, गेल्या सात दिवसांत विनाकारण काळजी वाटली का?

लामत्यात माझ्या भाचेसुनेला सातवा महिना होता. मी हाच प्रश्न मराठीत करून तिला विचारला. ती म्हणाली, "विनाकारण कशाला, मावशी? मागच्या खेपेला अडले होते, रात्री गाडी मिळत नाही, अन् घरात सगळ्यांना मुलगाच हवा!"

म्हणजे कागदावर उत्तर 'नाही', गुण शून्य. जिच्या काळजीला कारण आहे, तीच निवांत ठरली! आणि त्या 'सगळ्यांत' मीही होते.

आपल्याकडे भाषासमिती सांगितली आहे: जपून, मोजकं, हिताचं बोलावं. मला वाटतं, प्रश्न विचारतानाही ती पाळायला हवी. शब्दाला शब्द ठेवला म्हणजे प्रश्न पोचला असं होत नाही. ऐकणारीच्या घरात तो काय होतो, तेही बघावं लागतं.

आता मी एवढंच विचारते, "धाकधूक कशाची वाटते गं?" उत्तरात माझं नाव आलं, तरी ऐकून घेते.