अंतरपाट

आधी बसून घ्या. पाठ टेकली तरी चालेल. फोन पालथा ठेवा. जे पाहायचं आहे ते हैदराबादेत, मुसीच्या दक्षिण काठावर, सालारजंग म्युझियममध्ये आहे. आत्ता उठून तिथे जायला नको, इथूनच हळूहळू जाऊ.

पांढऱ्या संगमरवराची एक तरुणी समोर उभी आहे. जिओव्हान्नी मारिया बेंझोनी या इटालियन शिल्पकाराची रेबेका. निजामाचे दिवाण, पहिले सालारजंग मीर तुराब अली खान, यांनी ती १८७६ मध्ये इटलीहून आणली. एवढी माहिती पुरे. आता तिच्याकडे पाहा.

डोक्यावरून झिरझिरीत वस्त्र ओघळलंय. कपाळावर ते किंचित ताणलंय, नाकाच्या शेंड्याला टेकलंय, ओठांपाशी जरा आत गेलंय आणि हनुवटीखाली चुण्या पडत उतरलंय. झुकलेल्या पापण्या दिसतात. गालाची गोलाई दिसते. समोर येणारा जवळपास प्रत्येक जण शेजारच्याला हेच सांगतो: बघ, आतला चेहरा दिसतोय.

इथे थांबा. एक श्वास सावकाश घ्या, सावकाश सोडा.

आत चेहरा नाही.

वस्त्र वेगळं आणि त्यामागे चेहरा वेगळा, असं काही नाहीच. आहे तो सलग दगड. संगमरवरात उजेड थोडासा आत शिरतो आणि मऊ होऊन परततो, म्हणून दगड कातडीसारखा भासतो हे खरं; पण त्यातून काचेसारखं आरपार दिसत नाही. छिन्नीने केलं ते एवढंच: जिथे कापड अंगाला चिकटलं असतं तिथे उंचवटा ठेवला, जिथे सुटलं असतं तिथे घडी पाडली. दोन चुण्यांच्या मधली नितळ जागा पाहून आपला डोळा म्हणतो, हा गाल. चेहरा पुरा करतो तो आपण. अर्धा दगडात, अर्धा आपल्या बघण्यात.

यावर घाई करू नका. मला स्वतःला हे कळायला बरीच वर्षं लागली. लहानपणी आजीचं बोट धरून गेले, तेव्हा एकच प्रश्न होता: तो पदर बाजूला केला तर ती कशी दिसेल? आज वाटतं, तो बाजूला करायला गेलो तर चेहरासुद्धा त्याच्याबरोबर जाईल.

आता तिची गोष्ट आठवू. ती बायबलमधली आहे. रेबेका उंटावर बसून परमुलखात येतेय, कधीही न पाहिलेल्या माणसाशी लग्न करायला. संध्याकाळची वेळ. दूर शेतात कुणी चालत येताना दिसतं. ती सोबतच्या नोकराला विचारते, हा कोण? तो सांगतो, हेच माझे धनी. ती बुरखा ओढून घेते. आणि तो माणूस, इसहाक, शेतात कशाला आला होता? मनन करायला. हा तपशील मला फार प्रिय आहे.

आपल्याकडे त्या क्षणाला नाव आहे: अंतरपाट. पाटावर दोघं समोरासमोर उभी, मध्ये कापड धरलेलं, मंगलाष्टकं चाललेली, मुठीत अक्षता घामाने ओलसर झालेल्या. कापडाच्या खालून पलीकडची पावलं तेवढी दिसतात. पलीकडे कोण आहे ते ठाऊक असतं आणि नसतंही. सगळे अंतरपाट दूर होण्याची वाट बघतात, पण तो धरला जातो तेव्हाच तर लग्न लागत असतं.

तुमच्या मनात आत्ता जे अनिश्चित आहे ते समोर आणा. एकच. गेल्या वर्षी माझ्यासाठी ते वडिलांच्या तपासणीचा रिपोर्ट होता. तो यायला तीन दिवस होते आणि त्यातली एक दुपार मी या दालनात काढली. काय असेल या विचाराने मी ते कापड सारखं ओढत होते. त्या तीन दिवसांत बाबा घरी होते, चहात बिस्किट बुडवून खात होते, आणि ते मी नीट पाहिलंच नव्हतं. खरं काय ते रिपोर्टमध्येच असणार असं मी धरून चालले होते. बाबांचं ते बिस्किटही तितकंच खरं होतं.

तुमचं जे आहे ते ओढू नका. नुसतं समोर असू द्या.

याच म्युझियममध्ये लाकडाची एक जोडमूर्ती आहे. समोर टोपडं घातलेला, ताठ मानेचा, मिजासखोर मेफिस्टोफिलीस. मागे उभा आरसा, आणि आरशात मान झुकवून, हातात प्रार्थनेचं पुस्तक घेऊन उभी असलेली मार्गारेटा. गटेच्या ‘फाउस्ट’मधली ही दोघं, एकाच ओंडक्यातून कोरलेली. आपण म्हणतो, हा खरा आणि ती प्रतिबिंब. पलीकडून पाहिलं असतं तर ती खरी ठरली असती. आणि दोघांच्या मधलं लाकूड, ज्याच्या आधाराने दोघं उभी आहेत, ते तर कुणालाच दिसत नाही.

आरशाचा हाच दृष्टान्त चांगदेव पासष्टीत येतो: आरसा नसतानाही मुख असतंच. त्या पासष्ट ओव्यांमागची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. चौदाशे वर्षांच्या चांगदेवांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचं होतं. मायना सुचेना. वयाने लहान म्हणून चिरंजीव म्हणावं, की ज्ञानाने थोर म्हणून तीर्थरूप? शेवटी कागद कोराच पाठवला. इतकी वर्षं जगूनही कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाल्याचं सांगतात. मुक्ताबाईंपुढे मी काय बोलावं, पण मला त्या कोऱ्या कागदाबद्दल आदर वाटतो. कळत नव्हतं म्हणून चांगदेवांनी भलतं काही लिहिलं नाही, आणि कागद घरातही ठेवून दिला नाही. कोरा होता तसा पाठवला. उत्तर आलं.

पुन्हा रेबेकाकडे या. श्वास आपल्या लयीत चालू द्या. बाहेर आता तास भरत आलाय. म्युझियममधल्या प्रसिद्ध घड्याळातून छोटा माणूस बाहेर येईल आणि टोले देईल, म्हणून सगळे तिकडे धावतायत. मुलांना उचलून खांद्यावर घेतायत, फोन वर धरतायत. दालन रिकामं झालंय.

तुम्ही उठू नका. उजेड तिच्या कपाळावर आहे, पापण्या तशाच खाली आहेत. पहिला टोला पडला.