निवडलेला शेजार आणि लाभलेला शेजार

घर मनुष्य स्वतःसाठी बांधतो. वस्ती मात्र दुसऱ्यावाचून होत नाही. घराच्या बाबतीत आपली आवड पुरेशी असते; वस्तीच्या बाबतीत दुसऱ्याच्या आवडीशी गाठ पडते, आणि तेथूनच नीतीचा प्रश्न सुरू होतो. चित्रकार, शिल्पकार व वास्तुशास्त्रज्ञ यांनी अनेक देशांत ‘आपली आपण चालविलेली वस्ती’ उभारण्याचे प्रयोग केले आहेत. त्यांची वर्णने करताना इमारतींची रचना, झाडी, राहणीतील साधेपणा यांची वाखाणणी होते. परंतु त्या वस्तीत कोणास राहू द्यावयाचे हे कोणी ठरविले, असे क्वचितच विचारले जाते. नगरच्या सावेडी उपनगरात, जेथे शेताचे प्लॉट व प्लॉटाची कॉलनी होताना एका पिढीने पाहिली आहे तेथे, राहणाऱ्या आम्हांस हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रथम आपल्या प्रांतातील एक जुने उदाहरण घेऊ. मुंबईस गावदेवी भागात १९१५ साली सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. राव बहादूर तालमकी यांच्यासारखे सहकाराचे धुरीण तिच्या पाठीशी होते. कानडा जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या ज्ञातिबांधवांना परवडेल असे स्वच्छ बिऱ्हाड मिळावे, आणि त्या बिऱ्हाडाचा मालक परका कोणी नसून राहणाऱ्यांचा समुदायच असावा, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. ज्ञातीचे बंधन त्या संस्थेस का स्वीकारावे लागले, हेही उघड आहे. हाती भांडवल थोडे, आणि परस्परांची ओळख हीच काय ती पत; अनोळखी माणसाच्या कर्जास जामीन कोण राहणार? तेव्हा त्या पिढीस आज दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु अडचणीपोटी स्वीकारलेले तत्त्व अडचण सरल्यावरही घर करून राहते. अहमदाबादेतील झोरोस्ट्रियन सहकारी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असा निर्णय दिला की, सभासदत्व पारशांपुरते राखणारा पोटनियम कायद्याविरुद्ध नाही. कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. नीतीचा मिटला असे आम्हांस म्हणवत नाही.

कलावंतांच्या वस्त्यांत ज्ञातीची जागा ध्येयाने किंवा अभिरुचीने घेतलेली दिसते. मद्रासजवळ समुद्रकाठी के. सी. एस. पणिक्कर व त्यांच्या सहकारी कलावंतांनी १९६६ साली चोळमंडल हे कलाग्राम वसविले. हस्तव्यवसायाच्या वस्तू विकून पैसा उभा करावयाचा आणि कोणाच्या आश्रयावाचून चित्रे काढावयाची, असा त्यांचा बाणा होता. एकाच साधनेत गढलेल्या मूठभर माणसांनी एकमेकांस निवडावे, यात गैर काय? गैर काहीच नाही. पण वस्ती मोठी होऊ लागली की गोष्ट बदलते. पाँडिचेरीजवळील ऑरोव्हिलचा प्रारंभ २८ फेब्रुवारी १९६८ रोजी १२४ देशांची माती एका कलशात घालून झाला. रॉजर आंजे या फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञाने पन्नास हजार वस्तीच्या नगराचा आकाशगंगेसारखा वलयाकार आराखडा काढला. अर्धशतक लोटले तरी रहिवासी चार हजारांच्या आतच आहेत. आणि २०२१ साली त्या आराखड्यातील वर्तुळाकार रस्त्यासाठी झाडे तोडावयास यंत्रे आली, तेव्हा एकाच ध्येयाने एकत्र आलेले लोक परस्परांसमोर उभे ठाकले. कागदावरील वर्तुळ खरे, की मधल्या काळात वाढलेले रान खरे, आणि हे ठरविण्याचा अधिकार नियामक मंडळाचा की रहिवाशांच्या सभेचा, हा त्यांचा वाद होता. यावरून एवढे तरी दिसते की, निवडलेला शेजारी कायम निवडलेला राहत नाही. माणसे बदलतात, मते पालटतात, मुले जन्मास येतात. आणि त्या मुलांनी तर काहीच निवडलेले नसते. दहा-वीस वर्षांत निवडलेला शेजारही लाभलेला शेजार होतो.

याच्या उलट वाटेने जाणारा एक प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झाला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याची योजना १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकातून लोकांपुढे मांडली. १९७० साली त्यासाठी सिडको स्थापन झाली. पुढे १९८०नंतरच्या काही वर्षांत कोरिया यांनी बेलापूर येथे सुमारे साडेपाच हेक्टर जमिनीवर एक वसाहत रचली. ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. साधारण सात घरांच्या मध्ये आठ मीटर लांबरुंद असे एक अंगण. अशा तीन समूहांच्या मध्ये त्याहून मोठे अंगण. आणि असे करीत करीत सर्व वस्तीची मिळून सार्वजनिक मोकळी जागा. प्लॉट सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, म्हणजे कमी मिळकतीचा व अधिक मिळकतीचा यांच्या जमिनीत फारसे अंतर नाही. दोन घरांस समाईक भिंत नाही. त्यामुळे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे, गवंड्याच्या हातून, शेजाऱ्यास न दुखविता घर वाढवावे, ही सोय नकाशातच केलेली होती.

या रचनेची नैतिक बाजू आम्हांस फार मोलाची वाटते. येथे वास्तुशास्त्रज्ञाने शेजारी निवडून दिले नाहीत. न निवडलेल्या शेजाऱ्यांना एकत्र बसण्यास जागा करून दिली. मग पुढे काय झाले? पुष्कळांनी मूळची उतरत्या छपराची घरे पाडून तेथे सिमेंट-काँक्रीटची उंच घरे बांधली. कोणी हळहळून म्हणतात की, सुंदर कल्पनेचा लोकांनी नाश केला. हा आरोप आम्हांस मान्य नाही. घर वाढविण्याची मोकळीक दिली असताना ती घेतल्याबद्दल लोकांस बोल लावणे म्हणजे स्वातंत्र्य द्यावयाचे आणि त्याचा उपयोगही आपणच ठरवावयाचा, असे होईल. खरे न्यून वेगळेच आहे. घर वाढविण्याचा अधिकार प्रत्येकास स्पष्ट मिळाला; पण त्या वाढीने अंगणावरचा उजेड किती अडावा, हे सातजणांनी मिळून ठरविण्याची रीत नकाशाबरोबर आली नाही, आणि येऊ शकतही नव्हती. अंगण आखता येते. त्या अंगणाची सभा आखता येत नाही.

सभेचा विचार करू लागताच आमच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारची आठवण होते. तेथे कोणी कलावंत गेला नव्हता, की नवा नकाशा काढला गेला नव्हता. शेजारी जन्माने लाभलेले, त्यांतील भांडणेही वारसाने आलेली. १९९०च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर ग्रामसभेने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर न घेण्याचे ठरविले, आणि पाऊस मोजून पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. या नियमांचा विशेष असा की, ते करणाऱ्यांवरच ते प्रथम लागू होतात. बाहेरच्यास जमीन विकू नये, हा त्या गावाचा निर्बंध मात्र अधिक विचार करावयास लावतो. जमीन सट्ट्याची वस्तू होऊ नये हा त्याचा हेतू स्तुत्य आहे. तथापि स्वतःस बांधणारा नियम आणि परक्यास अडविणारा नियम यांना एकाच तराजूने तोलता येत नाही. पहिल्यास सभेची संमती पुरते. दुसऱ्यासाठी, ज्यास अडविले त्याच्यापुढेही मांडता येईल असे कारण लागते.

तात्पर्य, आम्हांस सुचणारा नियम असा: वस्तीच्या हाती जितकी सत्ता अधिक, तितका शेजारी निवडण्याचा तिचा अधिकार कमी. चार चित्रकारांनी मिळून चित्रशाळा घ्यावी आणि पाचवा कोण हे खुशाल ठरवावे. परंतु रस्ता, पाणी, दिवे व मोकळी जागा ज्या वस्तीच्या हाती आली ती वस्ती राज्य करू लागली. आणि स्वराज्यातील ‘स्व’ कोण, हे आपल्या सोयीने ठरविण्याची मुभा राज्यास नसते. यावर कोणी म्हणेल की, परस्परांवर विश्वास नसेल तर सभा चालणार कशी? आमचे उत्तर असे की, हिवरे बाजारात विश्वास आधी आला नाही. नियम पाळता पाळता तो उत्पन्न झाला.

आता सावेडीकडे वळू. जुन्या सावेडी गावाभोवतीच्या शेतांवर गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड, भिस्तबाग अशा भागांतून कॉलन्या पसरल्या आहेत. समव्यवसायी लोकांनी एकत्र राहावे ही कल्पना ‘प्रोफेसर कॉलनी’ या नावात अजून उमटलेली आहे. नाव राहिले, भोवती बाजार झाला. मोठ्या ले-आउटमध्ये नियमाने दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते; तिला सर्वजण ‘ओपन स्पेस’ म्हणतात. बेलापूरच्या अंगणाची हीच धाकटी बहीण. तिचे पुढे काय होते, हे वाचकांस सांगावयास नको. कोठे गवत माजते, कोठे मंदिर होते, कोठे तारेचे कुंपण पडून कुलूप लागते. किल्ली कोणाकडे असावी यावर बैठका होतात. पण त्या बैठकीस बंगल्याचा मालक येतो, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू येत नाही, आणि त्याच कॉलनीत रोज आठ तास राबणाऱ्या मोलकरणीच्या मुलाने तेथे खेळावे की नाही हे तिच्यावाचून ठरते.

गावात मतदारयादीत ज्याचे नाव तो ग्रामसभेचा सभासद. तेथे सातबारा विचारीत नाहीत. शहरांसाठीही २००९ साली महाराष्ट्रात क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात झाली. आमच्या सवयीत ती उतरलेली नाही. नव्या वस्तीचे स्वप्न पाहण्यासाठी समुद्रकाठी जमीन शोधण्याची, किंवा कोरियांसारखा प्रतिभावान रचनाकार लाभण्याची वाट पाहण्याची गरज नाही. आपल्या कॉलनीतील त्या दहा टक्के जमिनीवर सतरंजी अंथरावी, भाडेकरूस आणि त्या जागेचा उपयोग करणाऱ्या प्रत्येकास बोलवावे, आणि कुलूप असावे की नसावे एवढा एकच ठराव चर्चेस घ्यावा. जी वसाहत हा ठराव न भांडता, किंवा भांडूनही शेवटी एकत्र राहून, पार पाडील तिला स्वशासित म्हणण्यास आमची हरकत नाही. मग तिचा नकाशा कोणी का काढलेला असेना.