नाव नसलेले शिपाई

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी डिव्हिजन, म्हणजे पुणे डिव्हिजन, १९१५ साली बगदाद घ्यायला निघाली. बगदाद काही हाती लागलं नाही. मागे हटत ती डिसेंबरात टायग्रिसकाठच्या कुत अल-अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या. वेढा १४७ दिवस चालला. अन्न कमी पडू लागलं, तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. पण बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस खायला साफ नकार दिला. हिरड्या सुजल्या, अंगातली ताकद गेली, तरी कित्येक आठवडे ते अडून राहिले. घरी गेल्यावर जातीत कोण घेईल, ही धास्ती होती. या हट्टाला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. आपण परत जाणार आहोत, हे मनात पक्कं धरलेल्या माणसांचा तो नकार होता.

२९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. सुमारे १३,००० माणसं कैद झाली. त्यांना उन्हातान्हात वाळवंटातून चालवत नेलं आणि अनेकांना रास अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो तिकडेच संपले.

इकडे घरच्यांना धड बातमीही नाही. माणूस बेपत्ता आहे म्हणजे नेमकं काय? बायकोने कुंकू ठेवायचं की पुसायचं? दिवस घालायचे कोणत्या तिथीला? सरकारी कागदात या प्रश्नांना रकाना नव्हता.

पुढे बसऱ्याला चाळीस हजारांवर मृतांचं स्मारक उभं राहिलं. गोऱ्या शिपायांची नावं त्यावर कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. आपल्याकडे कोकणात, सातारा जिल्ह्यात ज्या संगमरवरी पाट्या दिसतात, त्यांवरही तेच: गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. गावाचा मान म्हणून लावलेल्या या पाट्या वाचताना मला राग येतो. मेलेला माणूस कुणाचा तरी थोरला होता, एवढंही त्या आकड्यातून कळत नाही.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये स्मारकांवरचा हा भेदभाव कबूल केला, माफीही मागितली. मात्र माफीने नावं परत येत नाहीत. ती शोधावी लागतात. लाहोरच्या संग्रहालयातल्या शिपायांच्या जुन्या नोंदवह्यांमधून पंजाबी घराण्यांना आपले पणजोबा गावानिशी सापडले. आपण इतकी वर्षं काय केलं? तुमच्या गावात अशी पाटी असेल, तर पेन्शनीचे जुने कागद बाहेर काढा, म्हाताऱ्यांना विचारा, मिळतील तेवढी नावं ग्रामसभेपुढे ठेवा आणि ती दगडात कोरून घ्या.