घाट वाघाला, थांबा माणसाला

खंडव्याच्या मीटरगेजचा विषय अकोल्यात काढला की पन्नाशीच्या पुढचा माणूस हवेत बोट फिरवून एक वेटोळं काढून दाखवतो. धूळघाटातलं ते वेटोळं. अकोट सुटलं की पूर्णा नदीच्या खोऱ्यातली काळी सपाट जमीन संपत येते, हिवरखेडपुढे सातपुडा आडवा येतो आणि वान रोड मागे पडलं की गाडीला थोडक्या जागेत बरीच उंची गाठायची असते. डोंगर सरळ चढावा तर तेवढा चढ इंजिनाला झेपणारा नाही. म्हणून रूळ गोल फिरवला आणि शेवटी तो स्वतःच्याच डोक्यावरून नेला. ज्या रुळावरून गाडी आली, त्याच्याच वरच्या पुलावरून ती पुढे गेली. पोरं डब्याच्या या खिडकीतून त्या खिडकीकडे धावत, खालचा रूळ दिसतो का ते बघायला. आजही या गाडीबद्दल जे काही लिहिलं जातं, त्यातलं निम्मं या वेटोळ्याबद्दल असतं.

उरलेल्या निम्म्यात एक चूक हटकून असते. या मार्गाला सर्रास ‘ब्रिटिशकालीन’ म्हटलं जातं. जुनं, दगडी, डोंगरातलं काही दिसलं की ते साहेबानेच बांधलं असणार, ही आपली सवय. खरी गोष्ट अधिक रंजक आहे. उत्तरेकडून होळकरांच्या मुलखातून येणारी मीटरगेज एकोणिसाव्या शतकातच खंडव्याला पोचली होती. दक्षिणेकडून निजामाची मीटरगेज 1912 मध्ये पूर्णा जंक्शनहून हिंगोलीपर्यंत आली होती. मध्ये वऱ्हाड आणि सातपुडा. राजस्थान-माळव्याचे डबे आणि हैदराबादचे डबे एकाच मापाचे, पण मधला तुकडा नसल्याने त्यांची गाठ पडत नव्हती. हिंगोली-वाशीम-अकोला-खंडवा हा सांधा जोडला तो स्वातंत्र्यानंतर. काम पन्नाशीच्या दशकातलं, पूर्ण झालं 1960 च्या आसपास. म्हणजे धूळघाटाचं वेटोळं हे नव्या देशाने, हाताशी पैसा थोडा असताना, दोन तुटक्या जाळ्यांना जोडण्यासाठी केलेलं काम आहे. त्याचं श्रेय साहेबाला देऊन आपण आपल्याच माणसांवर अन्याय करतो.

सांधा जुळल्यावर काय झालं ते मीनाक्षी एक्स्प्रेसमध्ये बसणाऱ्यांनी पाहिलं. काचीगुड्याहून निघालेली ही गाडी निजामाबाद, नांदेड, पूर्णा, हिंगोली, वाशीम करत अकोल्याला यायची आणि सातपुडा ओलांडून खंडवा, महू, इंदूर, रतलाम, चितोडगड, अजमेरकडे जायची. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचे यात्रेकरू, औंढा नागनाथाचे, ओंकारेश्वराचे, अजमेरच्या दर्ग्याचे, सगळे एकाच डब्यात. राष्ट्रीय एकात्मतेवर शाळेत आम्ही पुष्कळ निबंध लिहिले. त्यातल्या एकातही ही गाडी नव्हती.

आता जरा अडचणीचा प्रश्न. या गाडीतून जाताना सातपुडा पाहत कोण होतं?

अमेरिकेत 1949 ते 1970 या काळात शिकागोहून पॅसिफिकच्या किनाऱ्याकडे ‘कॅलिफोर्निया झेफर’ नावाची गाडी धावायची. तिच्या डब्यांवर काचेचे घुमट होते आणि वेळापत्रक असं आखलेलं की रॉकी पर्वत आणि पुढचे डोंगर दिवसाउजेडी यावेत. डोंगर हाच तिचा विकायचा माल होता. झपाट्याने पोचणाऱ्यांसाठी दुसऱ्या गाड्या होत्या आणि आभाळात विमानंही होती. शिमला, दार्जिलिंग, निलगिरी, आपलं माथेरान इथल्या गाड्या डोंगरावर हवा खायला जाणाऱ्यांसाठीच निघाल्या, किंवा पुढे त्यांच्या झाल्या. त्यांच्याबद्दलची हुरहुर समजू शकते. ज्या कारणासाठी त्या होत्या, त्याच कारणासाठी त्या आठवतात.

खंडव्याच्या गाडीचं तसं नव्हतं. तिच्या तिकिटात डोंगराचे पैसे धरलेले नव्हते. तिच्यात सरकी-कापसाचा व्यापारी होता, बदलीवरचा मास्तर होता, लेकीला सासरी पोचवायला निघालेला बाप होता. आणि वान रोड, धूळघाट, डाबका, तुकईथड अशा स्टेशनांवर चढणारे कोरकू आदिवासी होते. मोहाची फुलं, चारोळी, सीताफळं, जळणाच्या मोळ्या घेऊन ते अकोटच्या बाजाराला यायचे. मीठ, तेल, कापड घेऊन परत जायचे. खिडकीबाहेरचं जंगल त्यांना देखावा म्हणून दाखवलं असतं तर ‘त्यात काय पाह्याचं?’ एवढंच उत्तर मिळालं असतं. जे आपलं घर आहे ते कुणी खिडकीतून बघत बसत नाही.

मला वाटतं, या गाडीच्या आठवणींची गोची इथेच आहे. आठवणी लिहिल्या त्या आरपार जाणाऱ्यांनी. आपण अकोल्याला बसलो, इंदूरला उतरलो, मधला डोंगर आपल्याला फुकट मिळालेली मौज. ज्यांना डोंगरातच चढायचं आणि डोंगरातच उतरायचं होतं, त्यांनी लिहिलं नाही. त्यांच्या हिशेबात वेटोळं नव्हतं. गाडी किती वाजता थांबते आणि परतीची किती वाजता मिळते, एवढंच होतं. धूळघाट ज्या धारणी तालुक्यात येतं, तो जिल्ह्याने अमरावतीचा. पण अमरावतीला जायचं तर सेमाडोह, परतवाडा करत घाटाघाटाने दिवस घालवावा लागतो. धूळघाटच्या माणसाला त्यापेक्षा रुळाने अकोला जवळ, खंडवा जवळ. अकोल्याचं ‘सर्वोपचार’ हे त्याचं इस्पितळ होतं, कारण गाडी तिथे जात होती. नकाशावरचा जिल्हा एक आणि गाडीने जोडलेला जिल्हा दुसरा, अशा दोन जिल्ह्यांत ही माणसं राहत होती.

अकोल्याच्या दक्षिणेला पूर्णेपर्यंत 2008 मध्ये ब्रॉडगेज झाली. त्यानंतर मीटरगेजच्या गाड्या अकोल्यापासून वरच उरल्या, आणि 2017 च्या सुरुवातीला अकोला-खंडवा ही सुमारे 174 किलोमीटरची वाट रुंदीकरणासाठी बंद झाली. अकोल्याहून अकोटपर्यंत नवी रुंद गाडी नोव्हेंबर 2022 मध्ये सुरू झाली. पुढे मात्र डोंगर होता, आणि डोंगरात मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प. हा प्रकल्प 1974 चा, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला. जुना रूळ त्याच्या पोटातून सुमारे 40 किलोमीटर जात होता. मीटरगेजच्या दिवसाकाठच्या मोजक्या, रखडत चढणाऱ्या गाड्या जंगलाने कशातरी सोसल्या. रुंद रुळावरून वेगाने, रात्रंदिवस, मालगाड्यांसह होणारी वाहतूक सोसणं वेगळं. वन्यजीव अभ्यासकांनी वळसा घालण्याचा आग्रह धरला, 2021 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी तशी मागणी करणारं पत्र रेल्वेमंत्र्यांना लिहिलं, आणि शेवटी हिवरखेड, सोनाळा, जळगाव जामोदच्या बाजूने जाणारा, सुमारे 30 किलोमीटर लांब पडणारा मार्ग पुढे आला.

यावर वऱ्हाडात बरीच ओरड झाली. जुन्या मार्गानेच गाडी हवी, असं म्हणणाऱ्यांत माझे जिवलग मित्र आहेत. त्यांचं म्हणणं मी नीट ऐकलं. त्यात लांबी, खर्च, दिरंगाई हे मुद्दे येतात, आणि ते खरे आहेत. वर्षानुवर्षं रखडलेल्या कामाचा संताप येणं रास्तच. पण थोडं खणलं की खाली धूळघाटच लागतो. ‘ते वेटोळं परत दिसायला पाहिजे.’ त्यांना मी एक आठवण करून देतो. बोरी, कोहा, कुंड ही गावं या शतकाच्या सुरुवातीला वाघासाठी उठली आणि अकोटच्या बाजूला येऊन वसली. नंतर आणखी गावं उठली. पिढ्यान्‌पिढ्यांची शिवारं, देवस्थानं सोडून माणसं खाली आली. त्यातली कुणाची घडी बसली, कुणाची आजही बसलेली नाही. ज्या जंगलासाठी कोरकूंना घर सोडायला सांगितलं, त्याच जंगलातून आपली आठवण मात्र ताशी शंभरच्या वेगाने जावी, हा हट्ट कोणत्या तोंडाने धरायचा?

शिवाय ब्रॉडगेजला तसलं आखूड वळण चालतच नाही. जुन्या मार्गाने गाडी गेली असती तरी धूळघाट आपल्या आठवणीतला उरला नसता. नव्या आखणीत तो गेलाच असता. म्हणजे ज्याच्यासाठी भांडायचं ते भांडण जिंकूनही मिळणार नव्हतं.

हळू गाडीचं कौतुक हा असाच एक मोह. ‘तेव्हा गाडी हळू जायची म्हणून जग दिसायचं’ हे वाक्य मी स्वतःही टाळ्या घेण्यासाठी वापरलं आहे. ती गाडी हळू जायची कारण रूळ अरुंद, चढ जबर आणि इंजिनं जुनी होती. बाळंतीण अडलेल्या घराला त्या हळूपणात काव्य दिसलं नसेल. गाडीचा मोलाचा गुण होता तो थांबण्याचा. चार घरांच्या वस्तीपाशी, कंदिलाच्या उजेडात, एक माणूस चढेल म्हणून ती उभी राहायची. वेग वाढवूनही हा गुण राखता येतो. मुंबईची लोकल रोज ते करून दाखवते. आपण रेल्वेला वेग मागितला, रेल्वेने तो दिला आणि त्याच्या बदल्यात थांबे काढून घेतले. हा सौदा झाला तेव्हा आपण खिडकीबाहेर बघत होतो.

किती बेसावध होतो, त्याचा दाखला ताजा आहे. करोनाच्या टाळेबंदीनंतर पॅसेंजर गाड्या परतल्या त्या ‘स्पेशल’ आणि एक्स्प्रेसच्या भाड्याने. दहा रुपयांच्या किमान तिकिटाला तीस मोजावे लागले. बडनेरा, मूर्तिजापूर, शेगावदरम्यान रोज कामाला जाणाऱ्याच्या पगारातून किती जात होतं, हे त्याने कुठे छापून आणलं नाही. साधं भाडं परत आलं ते फेब्रुवारी 2024 मध्ये. त्या वर्षांत जुन्या गाड्यांच्या आठवणींचे लेख मात्र भरपूर छापून आले, त्यांतले काही माझेही असतील. चालू पॅसेंजर डोळ्यांसमोर महाग होत होती आणि आम्ही बंद पडलेल्या पॅसेंजरसाठी गहिवरत होतो.

शकुंतलेचंही निराळं नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज, तिचं 1921 चं मँचेस्टरमध्ये घडलेलं वाफेचं इंजिन, 1994 मध्ये त्याला मिळालेला निरोप, गार्डच तिकीट फाडायचा अशा गमती. हे सगळं देशभर छापून आलंय. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला नेण्यासाठी टाकलेली ती वाट आपल्या लोकांनी आपलीशी करून घेतली, हे खरं. पण बंद पडलेली ती पुन्हा चालू व्हावी म्हणून अचलपूरकर, दर्यापूरकर, कारंजेकर आंदोलनं करतात तेव्हा तिथे आठवणीवाले फार थोडे दिसतात. इंजिनाच्या फोटोला हजारभर पसंत्या पडतात, निवेदनावर सह्या शोधाव्या लागतात.

मग धूळघाटाचं काय करायचं? पाताळपाणी ते कालाकुंड या जुन्याच मीटरगेजच्या तुकड्यावर 2018 पासून पर्यटकांसाठी खास गाडी निघते. तसं इथे करा, असं सुचवणारे आहेत. माझं मत विरुद्ध आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या मध्यभागी हौशींची गाडी नेणं म्हणजे तिथून उठवलेल्या माणसांच्या जखमेवर मीठ. वेटोळ्याचे नकाशे, पुलांची चित्रं, स्टेशनमास्तरांच्या वह्या, गँगमनांच्या आठवणी अकोल्यात एखाद्या दालनात नीट मांडाव्यात. ज्यांनी पन्नाशीच्या दशकात तो रूळ टाकला त्यांची नावं तिथे लागावीत. घाट जंगलाला सोडून द्यावा.

आणि भांडायचंच असेल तर पुढच्या वेळापत्रकासाठी भांडू. नवा मार्ग ज्या गावांजवळून जाणार आहे, त्यांतल्या बहुतेकांत आजवर रेल्वे कधीच नव्हती. त्यांच्या नावाची स्टेशनं कागदावर येतील. पण त्यांवर गाडी थांबेल का, दिवसातून किती वेळा, आणि कोणत्या भाड्यात, हे अजून ठरायचं आहे. हैदराबाद-जयपूरच्या वेगवान गाड्यांची मागणी करायला व्यापारी संघटना आहेत, आमदार-खासदार आहेत. सकाळी अकोल्याला येणारी आणि संध्याकाळी परत नेणारी, प्रत्येक स्टेशनावर थांबणारी, दहा रुपयांपासून तिकीट असलेली पॅसेंजर मागायला कुणी नाही. धूळघाट, डाबक्याच्या लोकांसाठी जवळच्या नव्या स्टेशनापर्यंत एसटीची जोडगाडी मागायलाही कुणी नाही. मीटरगेजवर ज्यांचा खरोखर जीव आहे, त्यांनी पुढचं निवेदन या दोन मागण्यांचं लिहावं. सही करायला मी येतो.