पंच कोण, हे ठरवणारा पंच कोण?

‘नॉमिक’ या खेळात नियम बदलणं हीच खेळी असते. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या अर्लहॅम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या पीटर स्यूबर यांनी तो रचला आणि 1982 साली डग्लस हॉफस्टॅटर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरातून वाचकांपुढे आणला. सुरुवातीला 29 नियम. पाळी आली की एक बदल सुचवायचा, मतं घ्यायची, मग फासा टाकायचा. रडीचा डाव खडी म्हणायची सोय इथे नाही, कारण रडण्याचाही नियम करता येतो.

या खेळातला एक पेच भाची आपल्या निवृत्त न्यायाधीश मामापुढे मांडते आहे, असं समजू.

“पाच जण खेळतायत. दुसरी फेरी संपेपर्यंत नियमबदलाला एकमत लागतं, ती संपली की साधं बहुमत पुरतं. तो नियम 203. तिसऱ्या फेरीत एकीने सुचवलं, की वाद झाला तर यापुढे पंच पाळीच्या आधीचा खेळाडू नव्हे, नंतरचा. मतं पडली तीन विरुद्ध दोन.”

“मग झालं की मंजूर.”

“थांब ना मामा. दुसऱ्या फेरीत एक जण फासा टाकायलाच विसरला होता. 201 म्हणतो, पाळीचा कुठलाही भाग गाळता येणार नाही. म्हणजे त्याची पाळी अपुरी, फेरी अपुरी, एकमताची अट अजून चालू. ठराव नामंजूर!”

“वादासाठी 212 आहे म्हणालीस ना?”

“तिथेच तर घोडं अडलंय. ठराव मंजूर असेल तर पंच नंतरची, नसेल तर आधीचा. ती म्हणते मंजूर, म्हणून मी पंच. तो म्हणतो नामंजूर, म्हणून मी पंच. आणि 212 प्रमाणे पंच स्वतःच्या अधिकाराचा प्रश्नसुद्धा स्वतःच सोडवतो. त्याचा निर्णय फिरवायला बाकी सगळ्यांचं एकमत हवं. तीन-दोन अशी फूट पडल्यावर ते कुठून येणार?”

स्यूबर यांनी अशा कोंडीची तरतूद ठेवलेली आहे, आणि ती खट्याळ आहे. खेळी वैध की अवैध हे कायमचं ठरवता येत नसेल, तर पाळी पुरी न करू शकणारा पहिला खेळाडू जिंकतो. तो नियम 213.

“म्हणजे घोळ घालणारीलाच बक्षीस?”

“हो, कित्येक जण त्यासाठीच खेळतात. पण इथे तेही जमत नाही. दोन्ही पंच छातीठोकपणे सांगतायत की सगळं स्पष्ट आहे. मग ठरवता येत नाही, असं म्हणणार कोण?”

मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मतदान सुरू होताना पाचही जण कोणाला पंच मानत होते?”

“आधीच्याला.”

“त्याच्याकडे जा.”

“पण त्याचीच खुर्ची पणाला लागलीय!”

“तिचीही लागलीय. फरक एवढाच, की त्याला काही वेळापूर्वी पाचही जणांची मान्यता होती. तिला अजून कधीच नव्हती.”

“हे कुठल्या नियमात लिहिलंय?”

“कुठल्याच नाही.”

मामाचं उत्तर उडवाउडवीचं नाही. एच. एल. ए. हार्ट यांनी ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’मध्ये (1961) मांडलं होतं, की कायदा कशाला म्हणायचं हे सांगणारा शेवटचा नियम दुसऱ्या कुठल्या नियमामुळे वैध ठरत नाही, लोक, विशेषतः अधिकारपदावरचे लोक, तो पाळत असतात म्हणून तो असतो. आपल्याकडे 1971 च्या 24 व्या घटनादुरुस्तीने दुरुस्तीचा अधिकार देणारं कलम 368 च दुरुस्त केलं. केशवानंद भारती खटल्यात नानी पालखीवाला आणि एच. एम. सीरवाई हे मुंबईचे दोन दिग्गज वकील समोरासमोर उभे राहिले. 1973 साली 13 न्यायमूर्तींनी 7 विरुद्ध 6 असा निकाल दिला: दुरुस्ती करा, पण मूलभूत चौकटीला हात लावू नका. ही मूलभूत चौकट घटनेच्या मजकुरात शोधून सापडत नाही. तरी ती टिकली. 1980 च्या मिनर्व्हा मिल्स निकालात तिच्याच आधारे 368 मधली दोन उपकलमं रद्द झाली.

भाचीचं समाधान झालं नाही. “मग जुन्याला कायम झुकतं माप! पंच बदलायचा तर परवानगी जुन्या पंचाची.”

“एका पाळीपुरतीच. नव्या पंचावर जुन्याचा निकाल बंधनकारक नाही, हे 212 च सांगतो. न्यायालयात आम्हाला एवढी मोकळीक नव्हती.”

भाचीचा आक्षेप खरा आहे, आणि मामाकडे त्याचं पुरतं उत्तर नाही. जुना पंच अप्रामाणिक निघाला तर एक पाळी वाया जाईल, कदाचित डावही हरावा लागेल. पण दोन पंच एकाच वेळी निकाल देऊ लागले तर पुढची पाळी कोणाची यावरही दोन मतं होतील आणि एका टेबलावर दोन खेळ सुरू होतील. त्यापेक्षा वाया गेलेली पाळी परवडली. जुन्या पंचांच्या निकालांना बंधन नसतानाही किंमत दिली जाते: इंटरनेटवर 1993 पासून चालू असलेल्या ‘अगोरा’ या नॉमिकमध्ये तर जुने निवाडे क्रमांक घालून जपले जातात आणि नव्या वादात त्यांचे दाखले दिले जातात.

तुम्ही खेळायला बसणार असाल, तर पाच जण, एक फासा आणि भरपूर कागद घ्या. फासा कोणी कधी टाकला याची नोंद ठेवा, आणि पंचाचा नियम बदलायचा असेल तर तो दुसरी फेरी संपायच्या आत, एकमताने बदलून घ्या.