सरवा : राहिलेलं की राखलेलं?



माघ सरत आला. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते असं आपल्याकडे म्हणतात, पण आमच्या बेळगावच्या शिवारात अजून पहाटे दव पडतंय. येळ्ळूर, धामणे, वडगाव, शहापूर या बाजूच्या काळ्या जमिनीत भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा करतात. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. जमिनीतली ओल आणि वरचं दव, एवढ्यावरच पीक येतं. आमचीही अडीच एकर आहे. सध्या तिथे मसूर काढायचं काम चाललंय.

मसूर काढायची ती पहाटेच. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणे जमिनीवर सांडतात. म्हणून सहाच्या आधी बायका शेतात उतरतात, दहापर्यंत काम आटोपतं. ढीग खळ्यावर जातो, मळणी होते, वारा बघून उफणणी होते. दाणे पोत्यात भरतात, भूस गुरांसाठी ठेवतात. एवढं होऊनही शेतात काही राहतंच. तुटलेल्या फांद्या, पडलेल्या शेंगा, भेगांत गेलेले दाणे. यालाच सरवा म्हणतात. पीक घरी गेलं की ज्यांना शेत नाही अशा बायका येऊन तो वेचतात. कोणी बोलावत नाही आणि कोणी अडवतही नाही.

यंदा घरात या सरव्यावरून बोलणं निघालं. पुतण्या शेतीचा हिशेब बघतो. त्याचं म्हणणं असं, की मजुरी वाढली, खताचे दर वाढले, मग आपणच दुसऱ्यांदा शेत का वेचू नये? वाटलंच तर त्या बायकांना प्रत्येकी एक पायली मसूर मोजून द्यावी. त्यांचे वाकायचे कष्ट वाचतील आणि आपलं दानही स्वच्छ होईल. जाऊबाई म्हणाल्या, “हातातून निसटलेलं ते दान कसलं? आपलं म्हणून जे उचलून देतो ते दान.”

दोघांचं म्हणणं ऐकायला बरोबरच वाटतं. म्हणून हा प्रश्न आपल्या परिवारापुढे ठेवावासा वाटला. मोजून देणं मोठं, की वेचायला राखणं मोठं?

आधी जाऊबाईंचा मुद्दा घेऊ. चुकून सांडलं ते दान नव्हे, हे खरं. पण परत जाऊन वेचता येत असताना जो जात नाही, त्याचं ते चुकून राहिलेलं नसतं. त्यानं हात आवरलेला असतो. बायबलमध्ये रूथची गोष्ट आहे, आपल्या गोव्याच्या मंडळींना ती शेजाऱ्यांकडून माहीत असेल. शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेलं वेचू नये, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवावं, असा तिथे नियमच सांगितला आहे. रूथ ही परकी विधवा शेतात वेचायला येते, तेव्हा शेताचा मालक बवाज आपल्या माणसांना सांगतो, की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम तिच्यासाठी टाका. मनात आणून टाकलं की तेही देणंच झालं.

आता पुतण्याचा मुद्दा. मोजूनच का देऊ नये? इथे महाभारतातली मुंगसाची गोष्ट आठवते. ती अश्वमेधिक पर्वात आहे. कुरुक्षेत्रात एक ब्राह्मण कुटुंब उंछवृत्तीनं राहत होतं. उंछ म्हणजे शेतात पडलेले दाणे एकेक टिपणं आणि शिल म्हणजे राहिलेली कणसं वेचणं. मनुस्मृतीत या दोन्हींना ‘ऋत’ म्हटलंय, आणि मागून आणलेल्या अन्नाला ‘मृत’. दुष्काळात त्या घराला थोडे जव मिळाले. त्याचं सातू करून चौघं जेवायला बसणार, तोच दारात अतिथी आला. आधी ब्राह्मणानं, मग बायकोनं, मुलानं, सुनेनं आपापला वाटा त्याला दिला. त्या सांडलेल्या पिठात लोळून मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं. उरलेलं अर्धं युधिष्ठिराच्या एवढ्या मोठ्या यज्ञातही झालं नाही.

आपण या गोष्टीतून त्याग घेतो, तो घ्यायचाच. पण त्यांना देता का आलं, हेही बघायला हवं. ते पीठ त्यांच्या कष्टाचं होतं, त्यांचं स्वतःचं होतं. जे आपलं आहे तेच दुसऱ्याला देता येतं.

आमच्याकडे सरव्याला येणाऱ्या एक मावशी दरवर्षी होळीच्या आसपास सासूबाईंना वाटीभर आमटी आणून देतात. म्हणतात, “आमची मसूर हाय, चाखून बघा की.” मसूर आमच्याच शेतातली. पण त्या ‘आमची’ म्हणतात आणि ते खरंच आहे. दोन दिवस वाकून त्यांनी ती वेचलेली असते. हीच मसूर आम्ही पायलीनं मोजून दिली असती, तर ती वाटी कदाचित आमच्याकडे आलीच नसती. आम्ही देणारे आणि त्या घेणाऱ्या, एवढंच नातं उरलं असतं. सरव्यामुळे त्याही देणाऱ्या राहतात.

याला दोन मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. एक, सरवा म्हणजे मजुरीचा भाग नव्हे. मजुरी कमी द्यायची आणि वर “वेचायला सोडलंय की” म्हणायचं, हा धर्म नव्हे. मजुरी पूर्ण द्यायची, सरवा त्याहून वेगळा. दुसरी, ज्यांची कंबर वाकत नाही, जे आजारी आहेत, त्यांना ‘येऊन वेचा’ म्हणणं क्रूर आहे. त्यांच्या घरी सूप भरून न्यावं, आणि तेही गाजावाजा न करता.

आमच्याकडे असं ठरलं, की बांधालगतच्या दोन ओळी काढायच्याच नाहीत. पीक खळ्यावर गेलं की तीन दिवस घरच्या कोणी शेतात पाऊल टाकायचं नाही. दोन म्हाताऱ्यांना पायली घरपोच द्यायची. पुतण्याला हे अजून पूर्ण पटलेलं नाही. हिशेब त्याला ठेवावा लागतो आणि त्याची काळजी खोटी नाही. लहान शेतात दोन ओळींनाही किंमत असते. किंमत आहे म्हणूनच तर प्रश्न आहे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबादच्या ताई-दादांना वाटेल, आम्हाला कुठलं शेत? पण सरवा प्रत्येकाकडे असतो. भाजीवाल्याशी शेवटच्या दोन रुपयांपर्यंत घासाघीस न करणं हा सरवा. उत्सवात सगळी सेवा आपणच उरकून न टाकता नवीन आलेल्या सुनेला, संकोची मुलाला एखादं काम राखणं हाही सरवाच. सगळं पुण्य आपल्याच पोत्यात भरलं तर दुसऱ्यांनी काय वेचायचं? मात्र कालची शिळी पोळी कामवाल्या ताईंना देणं म्हणजे सरवा नव्हे. आपल्या कणगीत जातो तोच दाणा सरव्यात असतो.

या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून एवढं बोलावं : आपल्या कोणत्या दोन ओळी आपण न कापता ठेवू शकतो? लहान मुलांनाही विचारावं. उत्तरं आपापल्या परिवाराच्या ग्रुपवर जरूर कळवा.

आपल्या सेवेकरी भगिनी, बेळगाव